बॅटरी उतरली म्हणून बाईने का थांबावं?

(वाहन चालवणाऱ्या बायांच्या एक दिवसाच्या शिबिरात दुपारच्या सत्रात दिलेलं हे भाषण. नंतर विचारले गेलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरंही शेवटी दिली आहेत.)



सकाळी परवाना, परमिट आणि आरसी बुक कोणाच्या नावावर असावं यावर जोरात चर्चा झाली. त्यानंतर जेवून-खाऊन बसलेल्या तुमच्यापुढे बॅटरीच्या चार्जरवर बोलायचं म्हणजे झोप आणायचाच प्रकार, असं कुणाला वाटेल. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते, तेव्हा कोरडे विषय बोलायची मला सवय आहे. पण हा विषय सकाळच्या चर्चेपासून फार लांब नाही. गाडी तुमच्या नावावर झाली, परवाना मिळाला, हात बसला. एक दिवस सकाळी सहाला किल्ली फिरवली, आणि नुसतं ‘टक्’ वाजलं. आता काय? आता शेजारच्या दारावर थाप मारायची, नाहीतर नवऱ्याला उठवायचं. तो उठेल तेव्हा उठेल, आणि उठताना बोलेल ते बोलेल. शाळेची मुलं रस्त्यावर उभी, डब्यांची गिऱ्हाइकं ताटकळत. त्यातून निघतं काय, तर ‘बायकांच्या हातात गाडी दिली की असंच होणार.’ बॅटरी पुरुषाच्या हातातही उतरते, पण त्याची नुसती बॅटरी उतरते. आपली मात्र लायकीच काढली जाते.

थोडा इतिहास सांगते. पूर्वीच्या मोटारी पुढून लोखंडी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. हँडल उलटा फटका मारायचं, मनगटं मोडायची. मोटार हे बाईचं काम नव्हे म्हणायला ते एक सोयीचं कारण होतं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर आला, आणि बटण दाबून गाडी सुरू होऊ लागली. सेल्फला लागते बॅटरी. म्हणजे बाईच्या हातातलं ते हँडल सोडवलं बॅटरीने. आपल्याकडे परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा चालवायला घेतली, तेव्हापासून आजपर्यंत किती जणी स्टेअरिंगवर बसल्या. चालवायला आपण शिकलो. पण बोनेटखाली काय आहे ते मात्र अजून बऱ्याच घरांत ‘त्यांचं खातं’ आहे.

म्हणून आज एवढंच. घरी वापरायला चार्जर घ्यायचा तर कोणता, आणि तो घ्यायची गरज आहे का, हे तुमचं तुम्हाला ठरवता आलं पाहिजे. दुकानदाराने ठरवायचं नाही, दिराने ठरवायचं नाही. त्याला लागतात चार आकडे आणि थोडी बेरीज-वजाबाकी. भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला ते जड नाही.

पहिली गोष्ट, बॅटरी म्हणजे काय? शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेलं गंधकाचं ॲसिड. १८५९ साली गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने ती केली, आणि मूळ रचना अजून तीच आहे. गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, दर कप्प्याला साधारण दोन व्होल्टच्या वर, मिळून १२ व्होल्ट. बॅटरीवर दुसरा आकडा असतो एएचचा, म्हणजे अँपियर-अवर. व्होल्ट म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची समजा, आणि एएच म्हणजे टाकीत मावतं किती. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ एएचच्या आसपास, डिझेल जीपची ६० ते ८०. स्कूटीची फार तर ४-५. घरी गेल्यावर पहिलं काम, आपल्या बॅटरीवरचा हा आकडा वहीत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, चार्जरच्या आधी मल्टिमीटर घ्या. तो चार्जरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. डीसी व्होल्टवर ठेवायचा, २० चा आकडा असेल तर त्यावर. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करण्याआधी बघायचं. १२.६ च्या वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे तळाला पाव उरली. मग गाडी सुरू करून पुन्हा बघायचं. आता आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास गेला पाहिजे, कारण गाडीतला अल्टरनेटर बॅटरी भरत असतो.

हे आधी का बघायचं? कारण बॅटरी उतरायची कारणं वेगवेगळी, आणि चार्जर त्यातल्या एकाच दुखण्यावरचं औषध आहे. गाडी सुरू असताना आकडा १२ च्या आसपासच रेंगाळला, तर दोष अल्टरनेटरचा, पट्ट्याचा, नाहीतर वायरींचा. तिथे चार्जर आणून उपयोग नाही, रोज रात्री भराल आणि रोज रस्त्यात अडकाल. बॅटरी पूर्ण भरली आणि नुसती ठेवूनही दुसऱ्या दिवशी १२ वर आली, तर ती म्हातारी झाली. तीन-चार-पाच वर्षांत ती जायचीच. तिला चार्जर लावणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. आणि गाडी रोज अर्धा-पाऊण तास सलग चालत असेल, तर चार्जरची गरजच पडू नये. असा चार्जर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

मग चार्जर हवा कुणाला? जिची गाडी दिवस-दिवस उभी राहते तिला. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडी थोडी वीज पीत असतात. समजा ३० मिलीअँपियर. म्हणजे दिवसाला पाऊण एएचच्या जवळपास. ३५ एएचची बॅटरी तीन-चार आठवड्यांत अर्ध्यावर येते. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी गाड्या अशाच बसल्या. नवरा गेल्यावर गाडी तशीच खाली उभी, मुलगी महिन्याने येते तेव्हा चालवते, अशा घरी चार्जर हवा. गाडी रोज निघते पण पाच मिनिटांच्या चकरा, दर चकरेला सेल्फ मारायचा आणि बॅटरीला भरायला वेळच नाही, अशा गाडीलाही हवा. आणि संस्थेच्या जीपला तर हवाच, कारण ती महिना महिना उभी असते आणि नेमकी रात्री दोनला एखाद्या मुलीला दवाखान्यात न्यायला लागते.

आता दुकानात जाऊ. दुकानात तुम्हाला दोन जातींचे चार्जर दिसतील.

एक, जुन्या पद्धतीचा. पत्र्याचा डबा, आत ट्रान्सफॉर्मर, वर काटा असलेला मीटर. उचलायला जड. गॅरेजमध्ये पाहिलाच असेल. मजबूत असतो, बिघडला तर गल्लीत दुरुस्त होतो. पण त्याला थांबायचं कळत नाही. बॅटरी भरली तरी तो ओततच राहतो, पाणी उकळल्यासारखं होतं, प्लेटा उघड्या पडतात. शिवाय घरातल्या विजेचा दाब वरखाली झाला की त्याचंही वरखाली होतं. खेडेगावात संध्याकाळी दाब इतका उतरतो की हा चार्जर बॅटरीत काही भरतच नाही, आणि मध्यरात्री सगळे झोपले की दाब चढतो आणि हा दुप्पट जोराने भरायला लागतो. म्हणजे जवळ राखण बसणारं माणूस हवं. घरात राखण बसणारं माणूस कोण असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहायचं, मोटर बंद करायला उठायचं, त्यात आणखी एक काम कशाला?

दुसरा, आपोआप चालणारा. वजनाला हलका, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट. आधी जोरात भरतो, बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास आली की तो दाब धरून करंट कमी करत जातो, आणि भरली की १३.५ च्या आसपास उतरून नुसता टेकू देत राहतो. चिमटे उलटे लागले तर सुरूच होत नाही. घरी वापरायला हाच घ्या. याचीही एक खोड आहे. बॅटरी अगदीच मेलेली असेल, दोन-चार व्होल्टवर आलेली, तर यातले बरेच तिला बॅटरी म्हणून ओळखतच नाहीत आणि गप्प बसतात. चार्जर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी मल्टिमीटर लावून बघा.

आता किती अँपियरचा? नियम सोपा: एएचचा दहावा भाग. ३५ ला साडेतीन-चार अँपियर. ७० ला सात. थोडा कमी घेतला तर वेळ लागेल, नुकसान नाही. फार मोठा घेतला तर बॅटरी तापेल. दुकानदार म्हणेल, ‘ताई, वीस अँपियरचा घ्या, तासाभरात काम.’ तासाभराची घाई गॅरेजवाल्याला असते, त्याच्याकडे रांग लागलेली असते. आपल्याकडे अख्खी रात्र आहे. हिशेब करा. ३५ ची बॅटरी अर्धी उतरली, म्हणजे १७-१८ एएच भरायचे. भरताना काही वाया जातं, म्हणून २१ धरा. चार अँपियरने पाच तासांच्या वर, शेवटी वेग मंदावतो म्हणून सहा-सात तास. रात्री दहाला लावा, पहाटे तयार. आणि लाइटबिलाची भीती कुणी घातली तर सांगा, एवढ्याला वीज लागते अर्ध्या युनिटच्या आसपास.

स्कूटीही त्याच चार्जरवर भरायची असेल, तर एक अँपियर किंवा त्याहून कमी अशी वेगळी सोय आहे का ते बघा. चार अँपियर स्कूटीच्या इवल्याशा बॅटरीला झेपत नाहीत. गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी असेल, तर तिची बॅटरी वेगळ्या प्रकारची असते. बॅटरीवर एजीएम लिहिलेलं असेल, तर चार्जरवरही ते लिहिलेलं हवं. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची किंवा रिक्षाची लिथियम बॅटरी असेल, तर तिला तिच्याबरोबर आलेलाच चार्जर. तिथे हा लावायचा नाही, म्हणजे नाहीच.

डब्यावर आत येणाऱ्या विजेचा पल्ला लिहिलेला असतो. तुमच्याकडे दाब वरखाली होत असेल, तर जास्त पल्ल्याचा घ्या. वायर आखूड नको. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन मोडून दोन पिनांत खुपसायची नाही, ती अर्थिंगची पिन म्हणजे तुमचा जीव आहे. आणि शेवटचं, बिल. पक्कं बिल, तारीख, दुकानाचा शिक्का, वॉरंटी कार्ड, आणि बिलावर नाव तुमचं. पैसे तुम्ही दिले आणि बिल ‘मिस्टरांच्या’ नावाने फाडलं, असं चालायचं नाही. पुढे तक्रार करायची वेळ आली तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पण हातात कागद हवा.

आता वापरायचं कसं. याला दोन मिनिटं जास्त देते, कारण यात चूक महागात पडते.

बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून जागा मोकळी, खिडकी उघडी. स्वयंपाकघरात नाही, गॅसजवळ नाही. देवघराशेजारी नाही, तिथे निरांजन आणि उदबत्ती असते. जिन्याखालच्या बंद कोनाड्यात नाही, आणि मुलं झोपतात त्या खोलीत तर नाहीच.

हातातल्या बांगड्या काढा. काचेच्या चालतील, सोन्याच्या आणि धातूच्या नाही. अंगठी, घड्याळ काढा, मंगळसूत्र आत खोचा किंवा काढून ठेवा. बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली तर ती क्षणात लाल होते आणि मनगट भाजून निघतं. मंगळसूत्र काढावं की नाही यावर आपल्या चळवळीत खूप वाद झाले आहेत, इथे वाद नको, बॅटरी काही मानत नाही. पदर खोचा, ओढणी बांधा. ॲसिडचा थेंब सुती साडीला धुतल्यावर भोक दाखवतो.

क्रम पाठ करा. चार्जरचं बटण बंद. लाल चिमटा प्लसला. काळा चिमटा, बॅटरी गाडीतच असेल तर बॅटरीपासून लांब इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बाहेर काढलेली असेल तर मायनसला. मग बटण चालू. काढताना उलटं: आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ उडू नये म्हणून हा क्रम. बॅटरी गाडीतून काढायची असेल तर आधी मायनसची वायर सोडायची, आणि बसवताना मायनस शेवटी. वजन नऊ-दहा किलो असतं, तेव्हा दोघींनी उचला आणि उभीच न्या.

बॅटरीला वरून झाकणं असतील तर पाणी बघा. प्लेटा बुडालेल्या हव्यात. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, तेही भरून झाल्यावर. नळाचं नाही, फिल्टरचं नाही. आणि ॲसिड तर कधीच नाही. कमी होतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. घरात सुटं ॲसिड आणून ठेवायचं कारणच नाही. ते कुठे कुठे वापरलं जातं ते आपल्या संघटनांना चांगलं माहीत आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, तरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून देणारे भेटतात. घेऊ नका, आणि देणाऱ्याला हटका. डोळ्यात थेंब उडाला तर चोळायचं नाही, निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, आणि लगेच डॉक्टर. जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा.

आता काही प्रश्न आले होते ते घेते.

घरी इन्व्हर्टर आहे. त्याच्यावरच गाडीची बॅटरी लावली तर?

नको. इन्व्हर्टर साधारण १५० एएचच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो, दहा-पंधरा अँपियरने भरतो. गाडीच्या लहान बॅटरीला ते जास्त होतं. आणि लाइट गेली की घरचे पंखे तिच्यावर चालायला लागतील. गाडीची बॅटरी सेल्फला क्षणभर जोर देण्यासाठी असते, तासन्‌तास पंखा चालवण्यासाठी नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी खाली. सोसायटी प्लग लावू देत नाही.

बॅटरी काढून वर गॅलरीत न्या, नाहीतर सोसायटीला अर्ज द्या. अर्ध्या युनिटचा हिशेब अर्जात लिहा, तेवढे पैसे भरायची तयारी दाखवा. चार जणींनी मिळून अर्ज केला तर जास्त बरं. तिसऱ्या मजल्यावरून सांध्यासांध्यांची वायर खाली सोडू नका, पावसाळ्यात ती जीव घेईल.

गरोदरपणी बॅटरीला हात लावू नये म्हणतात, खरं का?

शिसं विषारी आहे, हे खरं. ते हाडांत साठतं, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. पण बंद बॅटरीला चिमटे लावल्याने ते अंगात जात नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड मात्र हाताला लागू देऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा. जड बॅटरी त्या दिवसांत उचलू नका. खरा धोका आहे तो बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्यांना, आणि तो बाईइतकाच पुरुषालाही आहे.

यावरून एक खटला सांगते. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने १९८२ साली नियम केला, की मूल होऊ शकणार नाही असा डॉक्टरी पुरावा नसेल तर शिशाच्या कामावर बाई नको. पगार जास्त होता तो नेमका त्याच कामाला. नोकरी टिकवण्यासाठी एकीने नसबंदी करून घेतली. पन्नाशीच्या एका बाईलाही हलवून तिचा पगार कमी केला. आणि एका पुरुष कामगाराने मूल हवं म्हणून, अंगातलं शिसं कमी व्हावं यासाठी रजा मागितली, तर ती नाकारली. कामगार संघटना कोर्टात गेली, आणि १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. मूल होऊ द्यायचं की नाही, ते काम करायचं की नाही, हे त्या बाईने ठरवायचं, मालकाने नाही. तेव्हा ‘तुझ्या काळजीपोटी सांगतो, हात लावू नकोस’ असं कुणी म्हणालं, की विचारा, धोका कमी करणार आहात, की मलाच बाजूला करणार आहात?

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

नवी घेताना दुकानात द्या, तिचे पैसे वजा करून मिळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत जमा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. दारावरच्या भंगारवाल्याने दोन पैसे जास्त दिले तरी नको. ती कुठल्या तरी वस्तीत हातोड्याने फुटते, तिथे कुणाची तरी मुलं खेळत असतात.

शेवटी एक सूचना मांडते. प्रत्येकीने चार्जर घ्यायची गरज नाही. गटात एक चार्जर, एक मल्टिमीटर, एक वही. वहीत गाडी, बॅटरीची तारीख, एएच, सकाळचा आकडा. दोघींनी शिकायचं, त्यांनी आणखी दोघींना शिकवायचं. मी आज मल्टिमीटर आणि चार्जर दोन्ही आणलेत, बाहेर संस्थेची जीप उभी आहे. चहा झाला की बांगड्या काढून या. बोनेट मी उघडणार नाही, ते तुमच्यापैकी कुणीतरी उघडायचं आहे.